भोंगा नसलेली पाळी

२९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर कमला मिलच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली. १४ गेले. लोअर परळमध्ये नोकरी केलेल्या कुणालाही या दोन तारखा वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. दोन्ही वेळा माणसांना रेल्वे रुळांच्या पलीकडे, केईएममध्ये नेलं गेलं.

आता एक साधा प्रश्न. रात्री एक वाजता केईएमच्या दारात स्ट्रेचर आलं की सर्वात आधी त्याला हात कोण लावतं? प्रोफेसरसाहेब घरून निघेपर्यंत वेळ जातो. दारात उभा असतो तो पंचवीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. निवासी डॉक्टर, म्हणजे रेसिडेंट. कदाचित आदल्या दिवशी सकाळी आठपासून उभा असलेला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत तोच होता, २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांत तोच होता. माणसं बदलली, वय तेच राहिलं.

मला या 'निवासी' शब्दाचं फार दिवसांपासून कुतूहल होतं. रुग्णालयात निवास कोण करतं? पेशंट! मग डॉक्टरला निवासी का म्हणायचं? आणि दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या परळमध्ये गिरणी कामगारांनी कामाच्या तासांवरून एवढ्या लढाया केल्या, तिथेच, त्याच भोंग्यांच्या आवाजात, ही दुसरी पाळी शंभर वर्षं चालू आहे आणि तिला कधीच भोंगा नव्हता. हे कसं झालं? या वीकेंडला तेच बघू.

सुरुवात करावी लागेल अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरापासून. तिथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं आणि तिथल्या सर्जरीची सूत्रं विल्यम हॉल्स्टेड नावाच्या माणसाकडे आली. हॉल्स्टेड तरुणपणी व्हिएन्ना आणि जर्मनीतल्या बड्या सर्जन्सची रुग्णालयं बघून आला होता. तिथे शिकाऊ डॉक्टर वर्षानुवर्षं एकाच गुरूच्या हाताखाली राबत. ती पद्धत त्याने अमेरिकेत आणली आणि घट्ट केली. त्याआधी सर्जन होणं म्हणजे थोडी पुस्तकं, थोडी नक्कल आणि बाकी नशीब (पेशंटचं!). हॉल्स्टेडने सांगितलं की शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहायचं, वर्षागणिक जबाबदारी वाढत जाणार, आणि शेवटी तो स्वतंत्रपणे ऑपरेशन करायला तयार झाल्याशिवाय बाहेर पडणार नाही. निवासी शब्द आला तो इथून. अक्षरशः निवास.

पण ही रचना पिरॅमिडसारखी होती. खाली बरेच जण आणि वर एकच चीफ रेसिडेंट. हॉल्स्टेडच्या तेहेतीस वर्षांच्या कारकिर्दीत या शेवटच्या पायरीपर्यंत पोचले अवघे १७ जण. लग्न केलेल्यांचं तिथे कौतुक नव्हतं. सुटीचा ठरलेला हिशेब नव्हता. किती वर्षं लागतील हेही आधी कुणी सांगत नसे.

आणि यात एक फार विचित्र गोष्ट आहे. हॉल्स्टेडने १८८४-८५ च्या सुमारास कोकेनचा भूल देण्यासाठी उपयोग होतो का, याचे प्रयोग स्वतःवर केले. त्यातून त्याला कोकेनचं व्यसन लागलं आणि ते सोडवताना मॉर्फिनचं. त्याचा सहकारी विल्यम ऑस्लरने हे एका गुप्त टिपणात लिहून ठेवलं होतं. ते उघड झालं १९६९ मध्ये. माणूस विलक्षण होता, यात वाद नाही. ऑपरेशनमधले रबरी हातमोजे त्याच्यामुळेच रूढ झाले. पण जगभरच्या तरुण डॉक्टरांच्या झोपेचं वेळापत्रक ज्याच्या रुग्णालयात ठरलं त्याची स्वतःची कहाणी अशी होती, हे माहीत असलेलं बरं.

आता मुंबईकडे येऊ. इथे १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज होतं. भाऊ दाजी लाड तिथलेच, १८५१ च्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे भारतीय डॉक्टर तयार व्हायला लागून जमाना झाला होता. पण प्राध्यापकाच्या आणि मोठ्या सर्जनच्या खुर्चीवर बसायचे ते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी. ही मुळात लष्करी नोकरी. १८५५ पासून तिची परीक्षा भारतीयांना खुली झाली, पण ती व्हायची लंडनला. म्हणजे दार उघडं, फक्त दाराशी पोचायला बोटीचं तिकीट लागणार. डॉ. के. एन. बहादुरजींसारख्या मुंबईच्या डॉक्टरांनी १८९० च्या दशकात काँग्रेसच्या व्यासपीठावरून या मक्तेदारीवर तोफ डागली.

त्याचं उत्तर शेवटी परळला मिळालं. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टींनी कॉलेजसाठी देणगी देताना अट घातली की इथे शिकवणारे पात्र, स्वतंत्र आणि भारतीयच असतील, सरकारी नोकरीतले नसतील. १९२६ साली महापालिकेचं केईएम रुग्णालय आणि जीएस मेडिकल कॉलेज एकत्र उभं राहिलं. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, जे पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. गिरण्यांच्या चिमण्यांच्या गर्दीत भारतीयांनी भारतीयांना शिकवण्यासाठी उभारलेलं हे रुग्णालय. स्वदेशीचा हा भाग शाळेच्या पुस्तकात का नव्हता कोण जाणे.

पण या अभिमानाच्या गोष्टीला एक व्यावहारिक बाजू होती. सरकारी नोकरीतले नकोत, मग शिकवणार कोण? तर शहरातले नावाजलेले खाजगी डॉक्टर. ते 'ऑनररी' म्हणून यायचे. सकाळी वॉर्डात राउंड, ऑपरेशनं, विद्यार्थ्यांना शिकवणं, आणि दुपारनंतर गिरगाव-ऑपेरा हाऊसकडे आपापल्या कन्सल्टिंग रूममध्ये. मोबदला जवळपास नाहीच. बुद्धिमान, निष्णात लोक होते आणि शहरावर त्यांचे उपकार आहेत. पण गणित सोपं आहे. बॉस सकाळी असतो आणि पेशंट चोवीस तास असतो. मग उरलेले तास कोणाचे? हाऊस सर्जनचे आणि रजिस्ट्रारचे. म्हणजे ब्रिटिश नावांची पदं, हॉल्स्टेडच्या पद्धतीचा मुक्काम आणि मुंबईची गर्दी, असं तिन्हींचं मिश्रण इथे झालं. शिकणारा माणूस हाच रुग्णालय चालवणारा माणूस बनला. पुढे पूर्णवेळ प्राध्यापक आले तरी ही घडी मोडली नाही.

आकडे बघा. केईएमच्या स्वतःच्या परिचयात बरीच वर्षं हे आकडे दिलेले असायचे: सुमारे १८०० खाटा, वर्षाला १८ लाख बाह्यरुग्ण, ८५ हजार दाखल होणारे रुग्ण. आणि हे सांभाळायला सुमारे ३९० वरिष्ठ डॉक्टर आणि ५५० निवासी. यातल्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवा. ते ५५० जण उद्या 'आम्ही फक्त विद्यार्थी आहोत' असं म्हणून वर्गात जाऊन बसले तर? संप होतो तेव्हा नेमकं हेच घडतं, आणि ठरलेली ऑपरेशनं धडाधड पुढे ढकलली जातात. विद्यार्थी वर्गात गेल्यामुळे बंद पडणारी संस्था तुम्ही दुसरी कुठली पाहिली आहे का?

सर्जरीच्या रेसिडेंटचा आठवडा कसा असतो, तर सगळं 'युनिट'भोवती फिरतं. एका युनिटमध्ये वर प्रमुख, मग एक-दोन वरिष्ठ, मग लेक्चरर, आणि खाली तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या वर्षाचे निवासी. आठवड्यात युनिटचे ओपीडीचे दिवस ठरलेले, ऑपरेशनचे ठरलेले आणि एक 'इमर्जन्सी'चा दिवस. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत दारात येणारं सगळं तुमचं: फुटलेलं अपेंडिक्स, आतड्याला पडलेलं भोक, लोकलमधून पडलेला, भोसकलेला. दुसऱ्या सकाळी घरी जायचं? छे. रात्री दाखल केलेल्यांचा राउंड असतो, ड्रेसिंग असतात, राहिलेली ऑपरेशनं असतात. चोवीसचे छत्तीस तास होतात ते असे.

पहिल्या वर्षी तुम्ही सर्जन नसताच. तुम्ही रक्त काढता, सलाईन लावता, नळ्या घालता, डिस्चार्ज कार्डं लिहिता, रक्तपेढीत रांग लावता, सीटी स्कॅनची तारीख मिळवण्यासाठी हातापाया पडता. मामा जागेवर नसले तर ट्रॉलीही ढकलता. (सरकारी आणि पालिका रुग्णालयात वॉर्डबॉयना मामा आणि आयांना मावशी म्हणतात. रात्री तीन वाजता नवख्या डॉक्टरला यातलं कोणी खरोखर मामा-मावशीसारखं वागवतं आणि बरंच काही शिकवून जातं.) गाठी मारायचा सराव खाटेच्या दांडीला दोरा बांधून करायचा. मग कधीतरी एखादा गळू फोडायला मिळतो. मग हायड्रोसील, हर्निया. मग एका रात्री वरचा म्हणतो, "अपेंडिक्स तू कर, मी उभा आहे." त्या एका वाक्यासाठी माणसं वर्षभर झोप विकतात.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. या पद्धतीतून काय निर्माण झालं तेही बघायला हवं. ख्रिस्तियान बर्नार्डने डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला जगातलं पहिलं हृदयारोपण केलं. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केईएममध्ये केलं. आशिया खंडातलं पहिलं. पेशंट काही तासच जगला. पण लोअर परळच्या पलीकडच्या पालिका रुग्णालयात हे करून बघण्याइतपत तयारी होती, कारण सेन आणि त्यांचे सहकारी आधी कित्येक वर्षं प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयाच्या शस्त्रक्रिया करत होते. डॉ. रवी बापटांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'वॉर्ड नं. पाच, केईएम' ठेवलं. किती लोक आपल्या आत्मचरित्राला ऑफिसच्या मजल्याचं नाव देतील? म्हणजे या वॉर्डांनी माणसांकडून बरंच घेतलं, पण त्यांना काहीतरी दिलंही.

आता रूळ ओलांडून गिरण्यांकडे जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. आपण आज ज्या रविवारी लोळत पडतो तो रविवार या माणसाने मिळवलेला आहे! पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांनी दिवस चौदा-पंधरा तासांचा केला. ओरड झाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती ११ तासांवर आणि आठवड्याला ६० वर आली. १९३४ मध्ये १० आणि ५४. १९४६ मध्ये ९ आणि ४८.

म्हणजे केईएम उघडलं तेव्हा रस्त्यापलीकडच्या साच्यावरच्या कामगाराला कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा होती. त्याचा यंत्रात अडकलेला हात शिवणाऱ्या हाऊस सर्जनला मात्र कसलीच नव्हती.

रुग्णालयातल्या इतरांचं काय? त्यांनीही लढून घेतलं. जेजे रुग्णालयातल्या वॉर्ड सेवकांना कामावरून काढल्याचं प्रकरण त्यांच्या हॉस्पिटल मजदूर सभेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की औद्योगिक विवाद कायद्याच्या दृष्टीने रुग्णालय हाही 'उद्योग' आहे, म्हणजे तिथल्या कामगारांना त्या कायद्याचं संरक्षण आहे. १९७० मध्ये न्यायालयाने हे मत फिरवलं आणि १९७८ मध्ये पुन्हा तिथेच आलं. या सगळ्या खटाटोपात निवासी डॉक्टर कुठेच नव्हता, कारण तो कागदोपत्री विद्यार्थी. त्याला मिळतं ते वेतन नाही, 'विद्यावेतन'. हा शब्द कुणी बनवला त्याला दाद द्यायला हवी. तास वाढवायचे तेव्हा तो 'वेतन'वाला असतो आणि हक्क मागायला गेला की 'विद्या'वाला!

कागदावर काहीच नाही असं नाही. १९९२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या रुग्णालयांसाठी निवासी डॉक्टरांचे नियम काढले. सलग काम साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला ४८ तास, पाळीपाळीने साप्ताहिक सुटी. वाचायला छान आहे. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत आकडा गायब झाला आणि 'वाजवी' तास, 'वाजवी' विश्रांती असे शब्द आले. साप्ताहिक सुटी मात्र त्यात आहे, म्हणजे लोखंडेंच्या नंतर १३३ वर्षांनी. मग २०२४ मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृती गटाने शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको. म्हणजे सुधारणा म्हणून सुचवलेला आकडा १९११ च्या गिरणीच्या आकड्याच्या, बारा तास आणि सहा दिवसांच्या, आसपासचा आहे. हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, सोपं आहे की, तास कमी करा. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण इथे गिरणीची उपमा तोकडी पडते.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कला लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिच्या नेहमीच्या औषधाशी न जुळणारं औषध दिलं गेलं होतं, आणि तिला बघणारे निवासी डॉक्टर थकलेले आणि अनेक पेशंटांत विभागलेले होते. वडील पत्रकार. त्यांनी पिच्छा पुरवला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि २००३ पासून सगळ्या अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. ब्रिटनमध्ये २००९ पासून ४८. मग लगेच दुसरी तक्रार सुरू झाली: पाळ्या वाढल्या की पेशंट एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं वाढतं आणि त्या सोपवण्यात माहिती गळते. आपल्याकडे प्रॉडक्शन सपोर्टमध्ये शिफ्ट बदलताना काय काय गळतं ते आठवा. तिथे सर्व्हर असतो. इथे संध्याकाळी थोडंसं दुखणारं आणि पहाटे लाकडासारखं कडक झालेलं पोट असतं. हा बदल एकाच हाताने तपासला तर कळतो. सर्जरी बरीचशी अशीच शिकली जाते. अमेरिकेत ११७ सर्जरी प्रोग्रॅम्सवर केलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ८० तास तेच ठेवून सलग तासांचे नियम सैल केले, तर पेशंटांचं नुकसान वाढलं नाही असं त्यात दिसलं. म्हणजे फक्त घड्याळ लावून प्रश्न सुटत नाही.

मग सुटतो कशाने? मला वाटतं, तास दोन प्रकारचे आहेत आणि आपण ते कधी वेगळे मोजलेच नाहीत. पोट कडक होतंय का हे बघत पेशंटपाशी काढलेली रात्र हा शिक्षणाचा तास. सीटीच्या रांगेत, रक्तपेढीच्या खिडकीवर, चौथ्यांदा तोच फॉर्म भरण्यात गेलेला तास हा निव्वळ मजुरीचा. तिथे टेक्निशियन, कारकून, आणखी एक मामा हवा होता. हॉल्स्टेडचा रेसिडेंट पहिल्या प्रकारच्या तासांसाठी रुग्णालयात राहत होता. आपल्या रेसिडेंटला आपण त्या नावाखाली दुसऱ्या प्रकारचे तास करायला लावतो, कारण तो स्वस्त आहे, हुशार आहे आणि तक्रार केली तर परीक्षा त्याच साहेबांच्या हातात आहे. हे तास काढून घेतले तर सर्जरीचं काडीचं नुकसान होणार नाही. फक्त पालिकेला आणि सरकारला माणसं नेमावी लागतील.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. लांबलेल्या ड्यूटीत ती सेमिनार रूममध्ये विश्रांती घेत होती. देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, 'मार्ड'ही आली. मागण्या सुरक्षेच्या होत्या आणि त्या रास्तच होत्या. पण ज्याला आपण 'निवासी' म्हणतो त्याला निवासाची जागा म्हणून सेमिनार रूमची जमीन मिळते, हेही त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या हळूहळू मिटत गेल्या. संपाचे पुढारी दत्ता सामंत स्वतः डॉक्टर, जीएस मेडिकलचेच. भोंगे बंद झाले, चिमण्या पडल्या, त्या जागी आपली काचेची ऑफिसं आली. गिरणी कामगार शेवटी हरला. पण त्याच्या एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. भोंगा वाजायचा तो त्याला कामावर बोलवायला, पण सुटीचीही वेळ तोच सांगायचा. हजेरीच्या मस्टरवर किती तास भरले हे लिहिलेलं असायचं. मोजलेलं होतं, म्हणून भांडता आलं. लोखंडेंची मागणीही शेवटी आकड्यांचीच होती: सातातला एक दिवस.

निवासी डॉक्टरच्या मस्टरवर येण्याची वेळ असते, जाण्याची नसते. ती एक ओळ लिहायला सुरुवात झाली, त्यातही शिक्षणाचे किती आणि रांगेचे किती असे दोन रकाने पडले, तर बाकीचं भांडण ही मुलं स्वतः भांडतील. हुशार आहेत!